आम्लपित्त, जठरव्रण आणि पोटांतील जंतु

पिकाचें पान पिवळें पडलें म्हणजे जाणता शेतकरी लागलीच खताची गोणी उघडीत नाहीं. तो एखादें रोप उपटून मूळ पाहतो. जमिनींत पाणी सांचलें आहे काय, मुळास हुमणी लागली आहे काय, कीं पिकास अन्नच कमी पडलें आहे, याचा तो शोध घेतो. कारण लक्षण एकच दिसलें तरी त्याचीं कारणें अनेक असतात, व प्रत्येक कारणाचा उपाय निराळा असतो. पाणी सांचून पिवळ्या पडलेल्या पिकास खत घातलें तर खतही जातें आणि पीकही जातें. परंतु आश्चर्य असें कीं, शेतांत इतका विचार करणारा हाच मनुष्य स्वतःच्या पोटांत जळजळ होऊं लागली म्हणजे मूळ पाहण्याच्या भानगडींत पडत नाहीं. "पित्त झालें" एवढेंच म्हणून तो चिमूटभर सोडा पाण्यांत टाकून पितो, किंवा दुकानांतून मिळेल ती गोळी घेतो, व वर्षानुवर्षें तेंच करीत राहतो.

पोटांत जळजळ होण्याचें एक महत्त्वाचें कारण म्हणजे जठरव्रण. जठराच्या, अथवा जठरास लागून असलेल्या लहान आंतड्याच्या आरंभीच्या भागाच्या, आंतील अस्तरास जी जखम पडते तिला आपण या लेखापुरतें जठरव्रण म्हणूं. या रोगाच्या कारणासंबंधीं वैद्यकशास्त्राचें मत गेल्या चाळीस-पंचेचाळीस वर्षांत समूळ पालटलें आहे. जो रोग जन्मभराचा म्हणून समजला जात असे, तो बहुतेक रोग्यांत आतां पंधरवड्याच्या औषधानें कायमचा बरा होऊं शकतो. मात्र त्यासाठीं प्रथम योग्य निदान झालें पाहिजे. ही माहिती आपल्या वाचकांस व्हावी, एवढ्याच हेतूनें आम्ही हा लेख लिहीत आहों. आम्ही डॉक्टर नव्हे. सबब येथें दिलेलीं औषधांचीं नांवें समजुतीकरितां आहेत, दुकानांतून मागून आणण्याकरितां नव्हेत.

आमचा स्वतःचा अनुभव

या विषयाकडे आमचें लक्ष वळलें तें पुस्तकें वाचून नव्हे, तर भोगल्यामुळें. महसूल खात्यांत कारकुनी करीत असतां आम्हांस कित्येक वर्षें उपाशीपोटीं व मध्यरात्रीच्या सुमारास पोटांत आग होत असे. कांहीं खाल्लें म्हणजे तास-दोन तास बरें वाटे. यास्तव खिशांत सोड्याची पुडी व टेबलाच्या खणांत बिस्किटें, हा आमचा नित्याचा सरंजाम होता. पुढें गुडघे दुखूं लागले, तेव्हां वेदनाशामक गोळ्या सुरू केल्या. त्याही कोणास न विचारतां. एका पावसाळ्यांत आठ दिवस शौचास डांबरासारखें काळें होत होतें. आम्हीं तिकडे लक्ष दिलें नाहीं व घरांतही कोणास सांगितलें नाहीं. शेवटीं पीक-पंचनाम्याच्या कामीं गेलों असतां बांधावरच डोळ्यांपुढें अंधारी येऊन पडलों. दवाखान्यांत नेल्यावर समजलें कीं, पोटांतील व्रणांतून रक्त वाहून अंगांतील रक्त निम्म्यावर आलें होतें.

तेथील डॉक्टरांनीं आम्हांस एकच प्रश्न विचारला, "इतकीं वर्षें औषध घेतलेंत, परंतु पोट एकदां तरी तपासून घेतलेंत काय?" जागेवर पाहणी केल्यावांचून पंचनामा लिहूं नये, असें दुसऱ्यांस जन्मभर सांगत आलेल्या आम्हांजवळ या प्रश्नास उत्तर नव्हतें.

जठराची रचना व आम्लाचें कार्य

खाल्लेलें अन्न अन्ननलिकेंतून जठरांत उतरतें. जठराच्या अस्तरांतून दिवसाकाठीं सुमारें दीड ते दोन लिटर पाचकरस स्रवतो, व त्यांत हायड्रोक्लोरिक आम्ल असतें. हें आम्ल इतकें तीव्र असतें कीं, अन्नाबरोबर आलेले बहुतेक जंतु त्यांत मरून जातात, व अन्नांतील प्रथिनें पचनास सोपीं होतात. म्हणजे आम्ल हा शत्रु नव्हे. तो शरीराचा चाकर आहे. आतां असें तीव्र आम्ल खुद्द जठरासच कां जाळीत नाहीं? त्याचें कारण असें कीं, जठराच्या आंतल्या बाजूस बुळबुळीत श्लेष्माचा एक थर सतत तयार होत असतो. भिंतीस गिलावा असला म्हणजे पावसाचें पाणी विटांपर्यंत पोंचत नाहीं, त्याप्रमाणें हा थर आम्लास अस्तरापर्यंत पोंचूं देत नाहीं. गिलावा जेथें ढांसळतो तेथें ओल शिरते. श्लेष्माचा थर जेथें दुबळा होतो तेथें आम्ल अस्तरास भिडतें व जखम पडते. तोच व्रण होय.

तेव्हां खरा प्रश्न "आम्ल कां झालें" हा नसून "गिलावा कां ढांसळला" हा आहे. परंतु हें समजण्यास फार काळ लागला.

जुनी समजूत व तिचे उपाय

"आम्ल नाहीं तर व्रण नाहीं," असा सिद्धांत कार्ल श्वार्ट्‌झ नामक वैद्यानें १९१० सालीं मांडला. तेव्हांपासून सत्तर वर्षें सर्व भर आम्ल मारण्यावर राहिला. अमेरिकेंतील डॉक्टर सिपी यांनीं १९१५ सालीं रोग्यास तासातासाला दूध व साय देण्याची पद्धत घालून दिली. दुधानें जळजळ शमते ही समजूत आपल्याकडेही घरोघर आहे. दुधानें घटकाभर बरें वाटतें हें खरें. परंतु दुधांतील प्रथिनें व कॅल्शियम यांच्या योगानें जठर पुनः अधिक आम्ल स्रवूं लागतें. दूध हें उत्तम अन्न आहे, पण तें व्रणाचें औषध नव्हे. काळजी, राग, तिखट व मसाला यांमुळेंच व्रण होतो, असेंही त्या काळीं मानीत. ज्यांचें दुखणें कशानेंच हटत नसे, त्यांच्या जठराचा भाग शस्त्रक्रियेनें कापून काढीत, किंवा आम्लास चालना देणारे मज्जातंतु तोडीत.

औषधांच्या बाबतींत मोठी सुधारणा १९७६ सालीं झाली. जेम्स ब्लॅक या ब्रिटिश शास्त्रज्ञाच्या संशोधनांतून निघालेलें सिमेटिडीन हें आम्ल कमी करणारें औषध त्या वर्षीं बाजारांत आलें. ब्लॅक यांस १९८८ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. त्याच सुमारास ओमेप्रॅझोल हें त्याहूनही प्रभावी औषध निघालें. आज पॅन्टोप्रॅझोल वगैरे ज्या गोळ्या खेडोपाडीं मिळतात त्या त्याच वर्गांतील होत. या औषधांनीं व्रण भरून येऊं लागले. पण औषध थांबविलें कीं पुष्कळांचे व्रण पुनः उघडत. हरळी विळ्यानें कापावी आणि तिच्या काशा जमिनींत तशाच राहूं द्याव्या, तसा हा प्रकार होता. रान चार दिवस स्वच्छ दिसे, पाऊस पडला कीं हरळी पुनः वर येई.

पर्थ येथील शोध

त्या काशा सांपडल्या ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्यावरील पर्थ शहरीं. तेथें रॉबिन वॉरन नांवाचे डॉक्टर रोग्यांच्या जठरांतील अस्तराचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखालीं तपासण्याचें काम करीत. १९७९ सालीं त्यांस सुजलेल्या अस्तरावर मळसूत्रासारखे वांकडे जंतु दिसले. इतक्या तीव्र आम्लांत जंतु जगणें शक्य नाहीं, असें सर्वांचें मत असल्यामुळें त्यांचें म्हणणें फारसें कोणी मनावर घेतलें नाहीं. १९८१ सालीं बॅरी मार्शल हे तरुण डॉक्टर त्यांस येऊन मिळाले, व दोघांनीं शंभर रोग्यांची पद्धतशीर तपासणी आरंभिली.

जंतु दिसत, पण प्रयोगशाळेंत वाढत नसत. ज्या बशींत नमुना वाढीस ठेवीत ती दोन दिवसांत कांहीं दिसलें नाहीं म्हणून टाकून देत. १९८२ सालच्या एप्रिलांत ईस्टर सणाची सुट्टी आली, आणि एक बशी पांच-सहा दिवस तशीच ऊबेंत राहून गेली. सुट्टीनंतर पाहतात तों तिच्यांत जंतूंची वाढ झालेली! सावकाश उगवणारें बीं दोन दिवसांत वर आलें नाहीं म्हणून वाफा मोडून टाकावा, तशी आजवर चूक होत होती. तपासलेल्या रोग्यांपैकीं ज्यांस व्रण होता, त्यांतील जवळजवळ सर्वांच्या पोटांत हे जंतु आढळले.

तरीही वैद्यमंडळींची खात्री पटेना. जंतूमुळें रोग झाला कीं रोग झाल्यावर जंतु आले, असा आक्षेप ते घेत. तेव्हां १९८४ सालीं मार्शल यांनीं प्रथम स्वतःचें जठर तपासून निरोगी असल्याची खात्री करून घेतली, आणि मग या जंतूंचें द्रावण ते स्वतःच प्याले. थोड्याच दिवसांत त्यांस मळमळ व वांती सुरू झाली, आणि तपासणींत त्यांचें जठर सुजलेलें दिसून आलें. त्यांस व्रण झाला नाहीं हें खरें; पण निरोगी जठरास हा जंतु रोगी करतो हें सिद्ध झालें. पुढें अनेक देशांत असें आढळलें कीं, जंतूचा नाश केल्यावर व्रण सहसा उलटत नाहीं. आक्षेपाचें खरें उत्तर तेंच होतें. या जंतूस १९८९ सालीं हेलिकोबॅक्टर पायलोरी असें नांव देण्यांत आलें. १९९४ सालीं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेनें जठराच्या कर्करोगाच्या निश्चित कारणांत त्याची गणना केली, आणि २००५ सालीं वॉरन व मार्शल यांस नोबेल पारितोषिक मिळालें.

येथें एक खुलासा केला पाहिजे. हा जंतु अत्यंत पसरलेला आहे. जगांतील निम्म्याच्या आसपास लोकांच्या पोटांत तो असतो असें दीर्घकाळ मानलें गेलें आहे. बहुधा तो लहानपणीं घरांतल्या घरांत, अस्वच्छ हात, पाणी व उष्टें यांच्या द्वारें शिरतो. त्यांतील बहुतेकांस व्रण होत नाहीं. तेव्हां जंतु आहे म्हणजे व्रण आहेच असें नव्हे. पण व्रण असेल तर जंतूचा शोध घेतलाच पाहिजे.

युरिया आणि हा जंतु

आम्लांत सर्व जंतु मरतात, मग हाच कसा जगतो? याचें उत्तर शेतकऱ्यास इतरांपेक्षां लवकर समजेल, कारण तें त्याच्या शेतांतच आहे. आपण पिकास युरिया देतों. ओलसर जमिनीवर युरिया उघडा पडला म्हणजे नाकास झोंबणारा वास येतो. तो अमोनिया वायूचा होय. मातींतील सूक्ष्म जंतु युरिएज नांवाचें एक पाचकद्रव्य तयार करतात, व तें युरियाचे तुकडे करून अमोनिया व कर्बवायु वेगळे करतें. म्हणूनच युरिया मातींत मिसळून द्यावा, असें कृषि अधिकारी सांगतात. हें युरिएज अमेरिकेंतील जेम्स समनर यांनीं १९२६ सालीं अबईच्या कुळांतील एका शेंगेच्या बियांतून शुद्ध स्फटिकरूपांत काढलें. तसें काढलेलें तें पहिलेंच पाचकद्रव्य होतें.

मनुष्याच्या शरीरांतही युरिया तयार होतो, व त्याचा अल्पसा अंश जठरांतील रसांत येतो. आपला हा जंतु विपुल युरिएज बाळगून असतो. तो त्या युरियाचा अमोनिया करतो, आणि अमोनिया हा आम्लाचा मारक असल्यामुळें जंतूच्या भोंवतीं आम्लाची धार बोथट होते. याप्रमाणें स्वतःचें रक्षण करीत तो श्लेष्माच्या थरांत घुसून बसतो. अस्तरास सूज येते व गिलावा ढांसळूं लागतो. सोड्यानें हा जंतु मरत नाहीं, हें आतां निराळें सांगावयास नको. सोडा आम्लास क्षणभर मारतो. जंतु जागच्या जागीं राहतो. शिवाय सोड्यांत सोडियम भरपूर असल्यामुळें रक्तदाबाच्या रोग्यास तो रोज घेणें अपायकारक होतें.

निदानाचीं नवीं साधनें

जंतूच्या या युरिया फोडण्याच्या संवयीचाच उपयोग करून शास्त्रज्ञांनीं त्यास पकडण्याची युक्ति काढली आहे. तीस श्वासपरीक्षा म्हणतात. रोग्यास विशिष्ट जातीच्या जड कर्बाणूंनीं युक्त असा थोडा युरिया पाजतात. पोटांत जंतु असला तर तो युरिया फोडतो, व तो खुणेचा कर्बवायु रक्तांतून फुफ्फुसांत येऊन सुमारें अर्ध्या तासांत श्वासावाटें बाहेर पडतो. पिशवींत फुंकर मारावयाची, एवढेंच रोग्याचें काम. जंतु नसेल तर खुणेचा वायु येत नाहीं. दुसरी सोपी रीत शौचाच्या नमुन्याची होय; तींत जंतूच्या अंगचीं द्रव्यें आहेत कीं नाहींत हें पाहतात. रक्ताची एक परीक्षा आहे. पण जंतु पूर्वीं होऊन गेला कीं आज आहे, हा भेद तिच्यानें कळत नाहीं. म्हणून तिच्यावर विसंबूं नये.

या परीक्षांपूर्वीं एक पथ्य पाळावें लागतें. आम्ल कमी करणाऱ्या ओमेप्रॅझोलसारख्या गोळ्या दोन आठवडे, व जंतुनाशक औषधें चार आठवडे आधीं बंद ठेवावीं लागतात. नाहींपेक्षां जंतु असूनही नसल्यासारखा दाखला मिळतो. यास्तव आपण काय काय घेत आहों तें डॉक्टरांस खरें सांगावें, व त्यांच्या सल्ल्यानेंच तें बंद करावें.

तिसरें साधन म्हणजे दुर्बिणीची तपासणी, जीस एन्डोस्कोपी म्हणतात. जठर आंतून पाहण्याचा प्रयत्न जर्मनींतील कुसमाउल या डॉक्टरांनीं १८६८ सालीं केला. तलवार गिळण्याचे खेळ करणाऱ्या माणसाच्या घशांतून त्यांनीं सरळ नळी उतरविली होती. सामान्य रोग्यास तें साधणें शक्य नव्हतें. केसासारख्या बारीक काचतंतूंच्या जुडग्यांतून प्रकाश व चित्र वांकड्या वाटेनें नेतां येतें, हें लंडन येथें हॉपकिन्स व नरिंदरसिंग कपानी यांनीं १९५४ सालीं प्रसिद्ध केलें. कपानी हे पंजाबांतील मोगा येथें जन्मलेले आपले देशबांधव. त्या शोधाच्या आधारें बेसिल हिर्शोविट्झ यांनीं अमेरिकेंत लवचीक दुर्बीण बनविली, व १९५७ सालीं ती प्रथम स्वतःच्याच घशांत उतरवून पाहिली. आज तिच्या टोकास लहानसा कॅमेरा असतो. घसा औषधानें बधिर करतात. तपासणीस सामान्यतः पांच-दहा मिनिटें पुरतात. व्रण कोठें आहे, केवढा आहे, त्यांतून रक्त येतें काय, हें प्रत्यक्ष दिसतें. तांदुळाच्या दाण्याहून लहान असा अस्तराचा तुकडा काढून तो युरियायुक्त पिवळ्या द्रव्यांत ठेवतात. जंतु असल्यास त्याचा रंग गुलाबी होतो. त्याच तुकड्यावरून कर्करोगाचीही परीक्षा होते. आमच्या मनांत या तपासणीची फार धास्ती होती. पण ती झाल्यावर, इतकी वर्षें उगाच घाबरलों, असें वाटलें.

गोळीएवढा कॅमेरा गिळवून आंतड्यांची चित्रें घेण्याची रीतही २००१ सालापासून प्रचारांत आली आहे. तिचा मुख्य उपयोग लहान आंतड्याच्या रोगांत होतो; जठरव्रणासाठीं दुर्बीणच श्रेष्ठ होय.

उपचार

जंतु असल्याचें ठरलें म्हणजे आम्ल कमी करणारी गोळी व तिच्या जोडीस दोन जंतुनाशक औषधें देतात. कित्येक ठिकाणीं यांत बिस्मथ हें चौथें औषध मिळवितात. हा क्रम बहुधा चौदा दिवसांचा असतो. एकच जंतुनाशक कां देत नाहींत, असा प्रश्न वाचक विचारतील. गुलाबी बोंडअळी बीटी कपाशीस कशी सरावली हें आपण पाहिलेंच आहे. हा जंतुही तसाच आहे. क्लॅरिथ्रोमायसीन व मेट्रोनिडॅझोल या औषधांस तो अनेक ठिकाणीं सरावला आहे, आणि यामुळेंच बिस्मथयुक्त चार औषधांच्या क्रमाकडे डॉक्टरांचा कल वाढला आहे. व्होनोप्रॅझान हें आम्ल रोखणारें नवें औषध जपानांत २०१४ सालीं मान्य झालें. तें आतां भारतांतही मिळूं लागलें आहे.

येथें सर्वांत मोठा धोका रोग्याच्या हातून होतो. चार-पांच दिवसांत जळजळ थांबते, आणि "आतां बरें वाटतें" म्हणून तो औषध सोडतो. अर्धवट फवारणीनें जी कीड वांचते, तीच पुढें फवारणीस दाद देत नाहीं. त्याचप्रमाणें अर्धवट औषधानें वांचलेला जंतु दुसऱ्या वेळीं त्याच औषधास जुमानीत नाहीं. म्हणून चौदा दिवस म्हणजे चौदा दिवस! मळमळ झाली, तोंड कडू झालें, तरी डॉक्टरांस विचारल्यावांचून औषध थांबवूं नये. बिस्मथानें शौचास काळें होतें, त्यानें घाबरूं नये. औषध चालू असतां दारू वर्ज्य समजावी. पेनिसिलीनची बाधा पूर्वीं झाली असल्यास तें आधींच सांगावें.

क्रम संपल्यानंतर निदान चार आठवड्यांनीं श्वासाची किंवा शौचाची परीक्षा पुनः करवून जंतु गेल्याची खात्री करून घ्यावी. ही शेवटची पायरी पुष्कळ लोक गाळतात. वसुली झाली तरी पावती घेतल्याशिवाय शहाणा खातेदार कचेरींतून उठत नाहीं. तसेंच हें आहे.

व्रणांतून रक्त वाहत असल्यास पूर्वीं बहुधा पोट उघडावें लागे. आतां दुर्बिणींतूनच सुई देऊन, शेक देऊन किंवा बारीक चिमटा बसवून तें पुष्कळदां थांबवितां येतें. आमचा जीव याच योगें वांचला.

वेदनाशामक गोळ्या

जंतूच्या खालोखाल व्रणाचें कारण म्हणजे अंगदुखीच्या गोळ्या. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन, ॲस्पिरिन या जातीच्या गोळ्या श्लेष्माचा थर दुबळा करतात. कापणीच्या, लावणीच्या किंवा ऊंसतोडीच्या दिवसांत कंबर धरली म्हणून रोज एक गोळी, तीही उपाशीपोटीं, असा क्रम कित्येक घरांत चालू असतो. स्त्रिया तर कोणास न सांगतां घेतात. गोळीनें दुखणें दबतें, त्यामुळें आंत व्रण पडला तरी तोही कित्येकदां मुका राहतो, आणि पहिलें लक्षण म्हणून एकदम रक्तस्रावच होतो. वय झालेल्यांस व ज्यांस पूर्वीं व्रण होता त्यांस हा धोका अधिक. अशा गोळ्या दीर्घकाळ घेणें भागच असेल तर डॉक्टरांस तसें सांगावें; ते जठराच्या रक्षणाचें औषध जोडून देतात. हृदयरोगासाठीं डॉक्टरांनीं दिलेली ॲस्पिरिन मात्र आपल्या मनानें बंद करूं नये; त्यांत उलट जिवास धोका आहे. तंबाखू व विडी यांनीं व्रण भरण्यास विलंब लागतो, हेंही ध्यानांत ठेवावें.

धोक्याचीं लक्षणें

पुढील लक्षणांपैकीं एक जरी दिसलें तरी घरगुती उपाय करीत न बसतां तपासणी करून घ्यावी.

१. शौचास डांबरासारखें काळें व चिकट होणें. लोहाच्या गोळ्यांनींही रंग काळा होतो. पण त्या घेत नसल्यास तें रक्त समजावें.

२. रक्ताची, किंवा कॉफीच्या चोथ्यासारखी वांती होणें.

३. घांस गिळतांना अडकणें. वरचेवर वांती होणें.

४. कारण नसतां वजन घटणें, अन्नावरची वासना जाणें, किंवा रक्त कमी होऊन धाप लागणें.

५. पन्नाशी-साठी उलटल्यावर पोटाचा त्रास प्रथमच सुरू होणें; घराण्यांत कोणास जठराचा कर्करोग झालेला असणें.

६. पोटांत एकाएकीं सुरी भोंसकल्यासारखी कळ येऊन पोट लांकडासारखें ताठ होणें. हें व्रण फुटून जठरास भोंक पडल्याचें चिन्ह होय. येथें तासांचा हिशेब असतो.

आणखी एक गोष्ट विसरूं नये. छातींत दाटून येणें, घाम सुटणें, कळ डाव्या हातांत किंवा जबड्यांत जाणें, यास पुष्कळ लोक "गॅस झाला" म्हणतात व सोडा पिऊन निजतात. तो हृदयविकाराचा झटका असूं शकतो. अशा वेळीं रात्र असो, पाऊस असो, रुग्णालय गांठावें.

घरांतील काळजी

जंतूपासून बचाव करण्याची हमखास लस अद्याप निघालेली नाहीं. तोंपर्यंत जुनेच नियम खरे. पिण्याचें पाणी शुद्ध असावें. शौचाहून आल्यावर व जेवणापूर्वीं हात साबणानें धुवावे. लहान मुलांस आपल्या तोंडचा घांस चावून भरवूं नये. तिखट खाल्ल्यानें व्रण होत नाहीं, परंतु ज्यास त्यानें जळजळ वाढते त्यानें तें कमी करावें. जेवणाच्या वेळा संभाळाव्या, व जेवल्याबरोबर आडवें पडूं नये. यानें आराम पडतो. पण हा आराम म्हणजे उपचार नव्हे, हा भेद सदैव मनांत ठेवावा.

असो. विहिरीस पाणी लागेल कीं नाहीं हें पाहण्यासाठीं, माती तपासण्यासाठीं, बियाण्याची उगवण अजमावण्यासाठीं आपण पैसा व वेळ खर्च करतों, व तो योग्यच आहे. परंतु ज्या देहाच्या जोरावर ही सर्व शेती चालते, त्याच्या बाबतींत एक तपासणी आपणांस जड वाटते. आम्हांस ती जड वाटली, आणि तिची किंमत बांधावर मोजावी लागली. आपल्या घरांत जो कोणी वर्षानुवर्षें सोड्याची पुडी जवळ बाळगून असेल, मग तो वडील असो, भाऊ असो कीं बोलून न दाखविणारी आई असो, त्यास सुगीचा हंगाम आटोपण्याची वाट न पाहतां एकवार डॉक्टरांकडे न्यावें, व मूळ पाहून घ्यावें. एवढें एका घरीं जरी झालें तरी हा लेख लिहिल्याचें सार्थक झालें असें आम्ही समजूं.